माध्यमं लोकांचं मत खरंच बदलतात का?

थेट बदलतात असं मला वाटत नाही. बातमी सुईसारखी टोचली की माणूस तसाच वागायला लागतो, ही समजूत १९४० मध्येच डळमळली. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी निवडणुकीआधी त्याच मतदारांच्या अनेक महिने पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या. प्रचाराने बाजू बदललेले थोडेच निघाले. रेडिओ-पेपरपेक्षा ओळखीच्या माणसाचं बोलणं जास्त चाललं.

हे मी रोज बघतो. नागपूरच्या महाल भागात तर्री-पोह्याच्या ठेल्यावर एक काकाजी पेपर मोठ्याने वाचतात, मध्येच थांबून "हे काही खरं नाही" म्हणतात. प्लेट हातात धरलेले पाच-सहा जण मग दिवसभर तेच सांगत फिरतात. पेपर वाचलेला असतो एकट्या काकाजींनी!

मला मात्र मॅकॉम्ब्स आणि शॉ या माध्यम-अभ्यासकांचं १९७२ चं म्हणणं जास्त पटतं: कशाचा विचार करायचा, हे माध्यमं ठरवतात. १९६८ च्या निवडणुकीत अमेरिकेतल्या चॅपल हिल गावच्या १०० मतदारांना जे प्रश्न महत्त्वाचे वाटले, तेच बातम्यांतही ठळक होते. आमच्या गल्लीतल्या नळाची बातमी कधी येत नाही, आणि ठेल्यावरही त्याबद्दल कुणी बोलत नाही. मला खरी काळजी याचीच वाटते.