सेंड बफर ४ एमबी केला तरी सर्व्हरचा वेग का वाढत नाही?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लिनक्सवर टीसीपी सर्व्हर आहे, प्रत्येक उत्तराचा हेडर एका सेंडने आणि मजकूर दुसऱ्या सेंडने जातो, एसओ-सेंडबफ (कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात, पाठवायचा डेटा थांबतो त्या बफरचा आकार) ४ एमबी केला तरी वेग तोच, आणि मधूनच ४० मिलिसेकंदांचा खोळंबा होतो.

आधी ती ४ एमबीची ओळ काढून टाका. बऱ्याच लिनक्स यंत्रांवर सेटसॉकऑप्ट या कॉलने मागता येणाऱ्या आकाराची मर्यादा, म्हणजे डब्ल्यूमेम-मॅक्स, २,१२,९९२ बाइट असते. कर्नल तुमची मागणी तेवढ्यावर कापतो आणि स्वतःच्या हिशेबासाठी ती दुप्पट करतो. हाती पडतात साधारण ४१६ केबी. एरर काही येत नाही, त्यामुळे कळतही नाही. शिवाय आकार हाताने ठरवला की त्या सॉकेटचा (कनेक्शनच्या टोकाचा) बफर कर्नल गरजेप्रमाणे आपोआप वाढवत नाही. नाहीतर तो टीसीपी-डब्ल्यूमेम या कर्नल सेटिंगच्या तिसऱ्या, कमाल आकड्यापर्यंत, म्हणजे बरेचदा ४ एमबीपर्यंत गेला असता. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! गेटसॉकऑप्टने एकदा वाचून बघा, खरा आकडा दिसेल.

४० मिलिसेकंदांचं मूळ तुमच्या दोन सेंडमध्ये आहे. हेडर लगेच निघतो. मजकूर एका पूर्ण सेगमेंटपेक्षा, म्हणजे टीसीपीच्या एका तुकड्यापेक्षा, लहान असेल (इथरनेटवर साधारण १४६० बाइट), तर आधीच्या डेटाची पोच येईपर्यंत नेगल अल्गोरिदम (फुटकळ पॅकेटं टाळण्याची टीसीपीची पद्धत) तो अडवून धरतो. पलीकडच्याला नुसत्या हेडरवर उत्तर द्यायचं नसतं, म्हणून तो पोच लांबवतो. लिनक्समध्ये हा उशीर बहुधा ४० मिलिसेकंदांचाच असतो. दोघेही एकमेकांची वाट बघत बसतात.

यावर ‘टीसीपी-नोडिले लावा’ (म्हणजे नेगल बंद करा) हा सल्ला सगळीकडे मिळतो. लावा, पण नुसतं तेवढंच केलंत तर खोळंबा जाईल आणि प्रत्येक फुटकळ सेंडचं वेगळं पॅकेट होईल. २० बाइटच्या हेडरमागे आयपी आणि टीसीपीचे किमान ४० बाइट, शिवाय प्रत्येक वेळी सिस्टम कॉलचा (कर्नलकडे केलेल्या मागणीचा) खर्च. खरा उपाय तुमच्या प्रोग्रामच्या आत आहे. प्रत्येक कनेक्शनला स्वतःचा राइट बफर द्या, तयार झालेली उत्तरं त्यात साठवा आणि इव्हेंट लूपची (आलेल्या घटना हाताळत फिरणाऱ्या मुख्य लूपची) एक फेरी संपली की एकदाच सेंड करा. त्यासाठी टायमर लावू नका, उगाच उशीर वाढतो. मजकूर मोठा असेल तर तो बफरमध्ये कॉपी करण्यापेक्षा हेडर आणि मजकूर राइटव्हीने (अनेक तुकडे एकदम पाठवणाऱ्या कॉलने) एकत्र द्या. लिनक्सवर एका कॉलमध्ये १०२४ तुकडे चालतात.

नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर (जिथे सेंड वाट बघत थांबत नाही) अर्धवट राइट होणारच. अशा वेळी उरलेले बाइट मेममूव्हने बफरच्या सुरुवातीला सरकवणारा कोड मला फार दिसतो. बफर मोठा झाला की सीपीयू त्यातच जातो. नुसता ऑफसेट (कुठवर पाठवलं तो आकडा) पुढे न्या, किंवा रिंग बफर (शेवटाकडून पुन्हा सुरुवातीला वळणारा) वापरा. ईपोलआउटसुद्धा (‘आता लिहिता येईल’ ही ईपोलची सूचना) ईअगेन (‘आत्ता लिहिता येत नाही’ ही एरर) आल्यावरच मागा आणि बफर रिकामा झाला की काढा. तो कायम लावून ठेवला, तर लेव्हल-ट्रिगर्ड (लिहिता येतंय तोवर पुन्हापुन्हा सांगणारा) ईपोल विनाकारण जागा होत राहतो.

कर्नलचा बफर वाढवायची गरज कधी पडते? बँडविड्थ गुणिले राउंड ट्रिप वेळ हे त्याच्या कमाल मर्यादेच्या वर जात असेल तेव्हा. १०० एमबीपीएस (मेगाबिट प्रतिसेकंद) आणि ८० मिलिसेकंद असतील तर १ एमबी डेटा वाटेत असतो. एकाच डेटा सेंटरमधल्या यंत्रांमध्ये हा आकडा सहसा इतका लहान असतो की हात लावायला नको.

बदलाच्या आधी आणि नंतर एसट्रेस या सिस्टम कॉल दाखवणाऱ्या साधनाच्या सी पर्यायाने सेंडची संख्या मोजा. वेळेवर मात्र भरवसा ठेवू नका, कारण एसट्रेस स्वतःच प्रोग्रामला मंद करतो.

आणि तुमच्या राइट बफरला वरची मर्यादा हवीच. एखादा क्लायंट हळू वाचत असेल तर त्याची रांग फुगत जाते आणि मेमरी खाते. मर्यादा गाठली की त्या क्लायंटच्या नव्या विनंत्या वाचणं थांबवा, रांग बरीच खाली आली की पुन्हा सुरू करा. दोन्ही टोकांना एकच आकडा ठेवू नका, नाहीतर चालू-बंदचा खेळ होतो.