तक्रार आधी तुमच्याकडेच येते

प्रश्न : चाकणच्या कारखान्यात मी उत्पादन विभाग सांभाळतो. कामगार कायद्याच्या प्रशिक्षणाला आम्ही बसणे खरोखर गरजेचे आहे का?

उत्तर : होय. पाळी सुटताना लैंगिक छळाबद्दल सांगायला आलेली स्त्री आधी आपल्यापुढेच उभी राहते, आणि ‘मिटवून टाकू’ म्हणत आपण तिला आणि जिच्यावर तक्रार आहे त्या व्यक्तीला समोरासमोर बसवले, तर हेतू चांगला असूनही कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने तिला दिलेले संरक्षण आपल्याच हातून निसटते. समेट केवळ तिच्या विनंतीवरून आणि अशा तक्रारी ऐकणाऱ्या, कारखान्यातल्याच अंतर्गत समितीमार्फतच होतो. त्यात पैशांची तडजोड चालत नाही. तक्रार लेखी आणि साधारणतः ३ महिन्यांच्या आत द्यावी लागते, ती लिहिण्यास समिती मदत करते, हे तिला तिथेच सांगावे. प्रशिक्षणाचा निम्मा वेळ, माझ्या मते, या पहिल्या दहा मिनिटांच्या सरावालाच द्यावा.