सिनेमातला अकाउंटंट, घरातला अकाउंटंट

पत्र: माझी स्वतःची अकाउंटिंगची फर्म आहे. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे, अकाउंट्समध्ये शंभरपैकी 91. तरी म्हणते, अकाउंटंट व्हायचं नाही. सिनेमात आणि मालिकांत अकाउंटंट एकतर बावळट दाखवतात, नाहीतर गुंडांचा पैसा लपवणारा. तेच तिच्या डोक्यात बसलंय. म्हणून मी अकाउंटंट नायक असलेल्या चित्रपटांची यादी केली. दर रविवारी एक बघायचा आणि एक पान लिहायचं, ‘या अकाउंटंटकडून मी काय शिकले’. तीन झाले. तिसऱ्यावर तिने एकच ओळ लिहिली: ‘हा माणूस रोज एकटा जेवतो.’ वर्षअखेरीच्या दिवसांत मला घरी यायला रात्रीचे अकरा वाजतात, पण मी तिला कधी काही कमी पडू दिलेलं नाही. तिची समजूत कशी काढावी?

उत्तर:

समजूत नंतर. आधी तिची ती ओळ नीट वाचा. तुम्ही ती तक्रार म्हणून कळवलीत, पण अख्ख्या पत्रात मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. एकटा जेवणारा तो नायक म्हणजे 2016 च्या ‘द अकाउंटंट’मधला असणार. हा गृहस्थ गुन्हेगारी टोळ्यांची हिशेबाची पुस्तकं तपासतो, बंदूक चालवतो, हाणामाऱ्या करतो. एवढं सगळं बघून मुलीच्या नजरेत काय भरलं, तर त्याचं जेवण. असं का, ते पुढच्याच वाक्यात तुम्ही स्वतः लिहून गेलात. तिने आयुष्यात सगळ्यात जास्त पाहिलेला अकाउंटंट पडद्यावरचा नाही, तो तुम्ही आहात.

‘सिनेमात असंच दाखवतात’ हे मुलांनी शोधलेलं सभ्य कारण असतं. वडिलांना तोंडावर ‘मला तुमच्यासारखं जगायचं नाही’ म्हणणं जड जातं. सिनेमावर ढकललं की कोणी दुखावत नाही. तुम्ही ते कारण खरं धरून त्याच्यावरच खटला उभा केलात, तोही साप्ताहिक. हा रविवारचा कार्यक्रम आजपासून बंद करा. निबंधाच्या शीर्षकातच उत्तर देऊन ठेवलं, तर मूल एकतर खोटं लिहितं किंवा एक ओळ लिहितं. तुमच्या मुलीने दुसरा मार्ग निवडला, हे तुमचं नशीब.

बरं, तिचं निरीक्षण चुकीचंही नाही. ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी चमूच्या 1969 च्या एका प्रहसनात चार्टर्ड अकाउंटंट करिअर सल्लागाराकडे येतो. त्याला सिंहांना माणसाळवणारा व्हायचंय; सल्लागार चाचण्यांचा निकाल सांगतो की तुम्ही इतके रटाळ आहात की अकाउंटन्सीच तुम्हाला योग्य. (आमच्या सल्ला देण्याच्या धंद्याचीही टर त्यात उडवली आहे आणि ती आम्हाला लागू पडते.) तेव्हापासून आजवर हा विनोद शिळा झालेला नाही. दुसरा साचा गुंडांच्या हिशेबनिसाचा. त्याचं कारण साधं आहे: गोष्ट पुढे सरकायला पैसा कुठे आहे ते माहीत असलेला माणूस लागतो. त्याला पळवता येतं, साक्षीदार करता येतं, मारताही येतं. खरं काम मात्र कॅमेऱ्यात पकडता येत नाही. माणूस सहा तास व्हाउचरं तपासतोय, हे कोण बघणार?

तुमच्या यादीवर माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. तिच्या डोक्यातला साचा काढायला तुम्ही तिसरा साचा आणलात, आणि तो जास्त घातक आहे: हुशार माणूस आकड्यांवर नजर टाकतो आणि चोरी सापडते. त्याच ‘द अकाउंटंट’मध्ये नायक कंपनीची 15 वर्षांची पुस्तकं एका रात्रीत पालथी घालतो, काचांवर आकडे लिहीत. अशा अपेक्षेने या क्षेत्रात आलेली मुलं पहिल्या वर्षातच खचतात. ऑडिटमध्ये सगळं तपासलंच जात नाही. आधी किती रकमेपर्यंतची चूक निकालावर परिणाम करणार नाही ते ठरतं, मग नमुने निवडले जातात, मग पुस्तकातल्या नोंदीवरून बिलाकडे आणि बिलावरून पुस्तकाकडे, असं दोन्ही दिशांनी जावं लागतं. पहिल्या दिशेने खोटी नोंद सापडते, दुसऱ्या दिशेने लपवलेली. एकच दिशा तपासली की निम्मी गडबड सुटते. आणि सापडतं ते असं: एका पुरवठादाराची बिलं सहा महिने सलग क्रमांकाची, 41, 42, 43. म्हणजे त्याला दुसरं गिऱ्हाईकच नाही. ज्या रकमेपुढे साहेबाची मंजुरी लागते, प्रत्येक बिल तिच्यापेक्षा थोडंसं कमी. पत्ता पाहावा तर आपल्याच कर्मचाऱ्याच्या घरचा. यात प्रतिभा कमी, चिकाटी जास्त. तरीही अफरातफरी शोधणाऱ्यांच्या जागतिक संघटनेचे अहवाल वर्षानुवर्षं हेच सांगतात की 40 टक्क्यांहून अधिक प्रकरणं कोणीतरी दिलेल्या खबरीमुळे उघड होतात. बाहेरच्या ऑडिटरने शोधलेली त्यापुढे अगदी थोडी. म्हणजे माणसांशी बोलता येणं, समोरच्याला आपल्याला सांगावंसं वाटणं, हे आकडेमोडीपेक्षा मोठं कौशल्य ठरतं. गंमत अशी, की त्याच चित्रपटात तफावत पहिल्यांदा लक्षात येते ती कंपनीतल्या एका साध्या कनिष्ठ कर्मचारी मुलीच्या. खरी अकाउंटंट ती. तिच्याविषयी पान लिहायला तुम्ही सांगितलं नसणार.

शिकागोचा कुप्रसिद्ध गुंड अल कपोन, त्याच्या गोष्टीचंही तसंच. 1987 च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये अकाउंटंट बंदूक घेऊन छाप्यात उतरतो आणि लिफ्टमध्ये मारला जातो. प्रत्यक्षात अमेरिकेच्या कर खात्याच्या फ्रँक विल्सनला 1926 च्या छाप्यात जप्त केलेल्या, नंतर कपाटात पडून राहिलेल्या खातेवह्या सापडल्या. त्या कोणाच्या हातच्या, हे ठरवायला बँकेच्या स्लिपांसारख्या कागदांवरची अक्षरं ताडून पाहिली गेली. हिशेबनीस मिळाला, तो साक्षीला उभा राहिला, 1931 मध्ये करचुकवेगिरीसाठी कपोनला 11 वर्षांची शिक्षा झाली. विल्सन म्हातारा होऊन वारला. यादीतला एखादा चित्रपट ठेवायचाच असेल, तर 1967 चा ‘द प्रोड्युसर्स’ ठेवा. त्यात अकाउंटंटला नाट्यनिर्मात्याच्या वहीत 2,000 डॉलरचा फरक दिसतो: नाटकासाठी गोळा केले 60,000, खर्च झाले 58,000. पुढचा सगळा गोंधळ तिथून निघतो, आणि हा फरक मात्र अगदी खऱ्यासारखा आहे.

आता मुलीच्या खऱ्या मुद्द्याकडे, म्हणजे आयुष्याकडे. अकाउंटंटचं वेळापत्रक एकच नसतं, हे तुम्ही तिला सांगितलेलं दिसत नाही. स्वतःच्या फर्ममध्ये कर भरायच्या मुदती आणि वर्षअखेर जीव काढतात. कंपनीच्या लेखा विभागात महिना बंद करण्याचे पहिले चार-पाच कामाचे दिवस घाईचे, बाकी बरंच सुसह्य. अंतर्गत ऑडिटमध्ये प्रवास जास्त. चित्रपटनिर्मितीतही प्रॉडक्शन अकाउंटंट असतो. रोजच्या शूटिंगचा खर्च अंदाजपत्रकाशी ताडून पाहायचा आणि ‘संपेपर्यंत अजून किती लागेल’ हे दर आठवड्याला सांगायचं, हे त्याचं काम. पण हे तिच्यापुढे आमिष म्हणून टाकू नका. तिने विचारलं तरच सांगा. आणि तुमचे अकरा कमी होणार नसतील, तर निदान ‘कमी पडू दिलं नाही’ हे वाक्य तिच्यासमोर म्हणू नका. तिने पैशांबद्दल तक्रार केलेलीच नाही.

परीक्षांचं म्हणाल तर आपली सीए, ब्रिटनची एसीसीए, अमेरिकेची सीपीए, कुठलीही घ्या: टप्प्याटप्प्यांचे पेपर आणि सोबत प्रत्यक्ष कामाचा ठरावीक काळ. ती माहिती तुम्हाला माझ्याहून जास्त आहे.

तिची तयारी असेल, तरच एक प्रयोग करा. तुमच्या ऑफिसात नको, ओळखीच्या दुसऱ्या कोणाकडे. तीन महिन्यांची रोखवही आणि तेवढ्याच महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट तिच्या हाती द्या आणि ताळमेळ लावायला सांगा. वटायचे राहिलेले चेक, भरलेले पण जमा न झालेले चेक, बँकेने परस्पर कापलेले चार्जेस, परत आलेला चेक, हे तिला सापडेल. मग थोडा फरक उरेल. त्याला 9 ने भाग गेला तर आकडे उलटे लिहिलेत का पाहायचं, 5,400 चे 4,500 झाले की 900 चा फरक पडतो. नाहीतर फरकाचा निम्मा आकडा शोधायचा: 1,250 जमेऐवजी नावे पडले तर फरक येतो 2,500. या युक्त्या आधी सांगू नका. ती दोन तासांनी चिडून उठते, की ‘थांबा, सांगू नका’ म्हणते, एवढंच त्या ओळखीच्या माणसाने बघावं. तुम्ही तिथे थांबू नका.

उठली, तर तो निकाल माना आणि तिचे 91 गुण पुरावा म्हणून पुढे करू नका. परीक्षेतली तेरीज, म्हणजे जमा आणि नावे बाजूंची बेरीज, जुळतेच, कारण ती जुळेल अशीच काढलेली असते.