रेकॉर्डिंग सुरू करताच खेळ का अडखळतो?

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपमध्ये चार कोरचा इंटेल प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी आणि एनव्हिडियाचे जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे. कार-शर्यतीचा खेळ एरवी सेकंदाला ८५ ते ९० फ्रेम या गतीने चालतो, परंतु ओबीएस स्टुडिओ या पडदा रेकॉर्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग सुरू केले की ही गती ५० च्या खाली येते आणि तयार झालेला व्हिडिओही गचके खातो. ओबीएसमध्ये एन्कोडर, म्हणजे व्हिडिओचे आकुंचन करणारा भाग, म्हणून एक्स२६४ निवडलेला आहे. एका दुकानदाराने नवे ग्राफिक्स कार्ड घेण्याचा सल्ला दिला आहे. हा खर्च करावा का?
— एक महाविद्यालयीन वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : कृपया एवढ्यात नवे कार्ड घेऊ नका. आपण सांगितलेल्या माहितीवरून दोष कार्डाच्या कुवतीत नसून कामाच्या वाटणीत दिसतो.

फुल एचडी चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम रेकॉर्ड करायच्या तर दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे आकुंचन करून ते फाइलमध्ये बसवावे लागतात. एक्स२६४ हे सारे काम प्रोसेसरकडून करून घेतो, आणि त्याच वेळी खेळालाही गाड्यांच्या हालचाली, टकरी व प्रतिस्पर्ध्यांचे डावपेच यांसाठी तोच प्रोसेसर हवा असतो. चार कोरांना ही दोन्ही ओझी एकदम पेलत नाहीत. आपल्या कार्डावर मात्र व्हिडिओ आकुंचनासाठी एनव्हेंक नावाचा स्वतंत्र विभाग आहे. एनव्हिडियाने २०१२ पासून आपल्या बहुतेक कार्डांत तो दिलेला आहे आणि खेळाचे चित्र रेखाटणाऱ्या भागापासून तो वेगळा असल्यामुळे त्याच्या वापराने खेळाची गती फारशी घटत नाही. ओबीएसच्या सेटिंग्जमध्ये आउटपुट या विभागात जाऊन एक्स२६४ च्या जागी एनव्हेंक निवडा. (जीटी १०३० कार्डावर हा विभाग नसतो, म्हणून आपल्या मित्रांपैकी कोणाकडे ते असेल तर हा उपाय तेथे चालणार नाही. त्यांच्या इंटेल प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स असल्यास त्यांनी त्यातील क्विक सिंक हा तशाच कामाचा विभाग वापरावा.)

एवढ्याने खेळ पूर्ववत होईल, परंतु व्हिडिओतील गचके कदाचित उरतील, कारण खेळ मंदावणे आणि व्हिडिओ अडखळणे हे दोन वेगळे दोष आहेत. ते ओळखण्यासाठी ओबीएसच्या डॉक्स मेनूतून स्टॅट्स ही चौकट उघडा आणि पाच मिनिटे खेळून तिच्यातील आकडे पाहा. एन्कोडिंग लॅगमुळे गळालेल्या फ्रेमचा आकडा वाढत असेल, तर एन्कोडरला काम झेपत नाही असे समजावे आणि हलका प्रीसेट, म्हणजे एन्कोडरची कमी काम मागणारी तयार मांडणी, निवडावा. रेंडरिंग लॅगचा आकडा वाढत असेल, तर ग्राफिक्स कार्ड खेळातच पूर्ण गुंतलेले असून ओबीएसला स्वतःचे चित्र जुळवण्यापुरतीही सवड मिळत नाही, असा त्याचा अर्थ होतो. नेटवर्कचा आकडा थेट प्रक्षेपणापुरता असतो, तो आपण सोडून द्यावा.

माझ्या अनुभवात बहुतेक घरी रेंडरिंग लॅगच सापडतो आणि त्यावरचा उपाय अनेकांना उलटा वाटतो: खेळाची गती मुद्दाम बांधून टाकावी. खेळाच्या स्वतःच्या सेटिंगमधून कमाल मर्यादा ६० फ्रेम ठेवा. ६० फ्रेमच्या व्हिडिओत ९० फ्रेमचा काही उपयोग होत नाही, उलट वरच्या ३० फ्रेम रेखाटण्यात गेलेली शक्ती ओबीएसच्या तोंडचा घास काढून घेते. मर्यादा घालूनही कार्डाचा वापर शंभर टक्क्यांना टेकत असेल, तर सावल्या आणि प्रतिबिंबे एकेक पायरी खाली आणा. ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्यास विंडोजकडून त्याला कार्डावर प्राधान्य मिळू शकते, तेही अवश्य करून पाहा.

सध्याचे गचके कसे तयार होतात, हेही समजून घेण्यासारखे आहे. खेळ सेकंदाला ४८ फ्रेम देत असेल आणि रेकॉर्डिंग ६० चे असेल, तर दर चार फ्रेममागे एक फ्रेम दोनदा छापली जाते. वळणावर गाडी सरळ सरकण्याऐवजी क्षणभर थबकून पुढे उडी घेते, ती याच पुनरावृत्तीमुळे. म्हणून ६० फ्रेम स्थिर मिळत नसतील, तर ३० फ्रेमचे रेकॉर्डिंग अधिक सुबक दिसते.

हार्ड डिस्कला उगाच दोष देऊ नये. सेकंदाला ४० मेगाबिटचे रेकॉर्डिंगही फक्त ५ मेगाबाइट लिहिते आणि साधी हार्ड डिस्क ते सहज पेलते. खेळही त्याच डिस्कवर असेल, तर मात्र नवा रस्ता उघडताना झटका बसू शकतो.

पैसे खर्च करायचेच असतील, तर आधी ८ जीबी रॅमची दुसरी, त्याच जातीची पट्टी घ्या, म्हणजे प्रोसेसरला दोन मार्गांनी रॅम वापरता येईल. त्याआधी कॅबिनेट उघडून पाहा. गेल्या मे महिन्यात आमच्या घरच्या संगणकाचा पंखा काढला, तेव्हा त्याखालच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर बनियनच्या कापडासारखा धुळीचा सलग थर निघाला. तो मऊ ब्रशने झाडल्यावर प्रोसेसरचे तापमान ९४ अंशांवरून ८१ वर आले आणि दुपारी खेळताना होणारी घसरण थांबली. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो वेग कमी करतो, हे इंदूरच्या उन्हाळ्यात विसरून चालत नाही.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर गेम कॅप्चर लावले की ओबीएसमध्ये काळा पडदा दिसतो. डिस्प्ले कॅप्चर लावले की चित्र येते, पण ते अडखळते. काय करावे?
— एक वाचक, पलासिया, इंदूर

उत्तर : आपल्या लॅपटॉपमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स चिप असून खेळ एकीवर आणि ओबीएस दुसरीवर चालत आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखालील ग्राफिक्स या पानावर ओबीएसची नोंद जोडून त्याला खेळाचीच चिप नेमून द्या, ओबीएस बंद करून पुन्हा उघडा आणि मग गेम कॅप्चर लावा. त्यात संपूर्ण पडद्याऐवजी खेळाचेच चित्र थेट घेतले जाते, म्हणून ते हलके पडते. रेकॉर्डिंग करताना चार्जर लावलेला ठेवा, कारण बॅटरीवर लॅपटॉप ग्राफिक्स चिपची वीज आखडती घेतो आणि बाकी सारे बरोबर असूनही फ्रेम गळत राहतात.