सगळं वाचतो, पण "नाव काय?" विचारलं की "नाव काय" म्हणतो

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहता, पोरगा तीन वर्षं आठ महिन्यांचा. कुणी शिकवलं नाही तरी पेपरातले मथळे, केएमटी बसच्या पाट्या, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर सगळं धडाधड वाचतो. आणि "तुझं नाव काय?" विचारलं की "तुझं नाव काय" असंच परत म्हणतो. सासूबाई म्हणतात देवाची देणगी, बालवाडीच्या बाई म्हणतात दाखवून घ्या. तुम्ही विचारताय की पुस्तकं, अक्षरं थोडे दिवस कपाटात बंद करू का, म्हणजे बोलायला लागेल.

नका करू. बाकी पुढं सांगतो, पण हे आधी.

माझा मुलगा आता तेराचा आहे. राजारामपुरीत माझं फ्लेक्स आणि छपाईचं दुकान आहे. साडेतीन वर्षांचा असताना हा माझ्या मांडीवर बसून वाढदिवसाचे डिजिटल बोर्ड वाचायचा. "भावी नगरसेवक", "धडाडीचे नेतृत्व", सगळं. एकदा दुकानातल्या पोऱ्यानं "शुभेच्छूक" असा दीर्घ ऊकार टाकला, तर हा त्यावर बोट ठेवून रडायला लागला. गिऱ्हाइकं चहा घेत कौतुक करायची. आई म्हणायची, "पोरगं लई हुशार हाय, कलेक्टर हुतंय बघ." आणि हाच मुलगा तहान लागली की माझा हात धरून माठापाशी ओढत न्यायचा. "पाणी" हा शब्द त्याला हजार पाट्यांवर वाचता यायचा. मागता यायचा नाही.

एका डॉक्टरांनी सांगितलं, मुलगे उशिराच बोलतात, एवढं वाचतोय म्हणजे डोकं तल्लख आहे. आम्हाला तेच ऐकायचं होतं. दीड वर्ष त्यात गेलं. त्या दीड वर्षाचा मला अजून राग येतो, जास्त करून स्वतःचाच.

याला हायपरलेक्सिया म्हणतात. हा शब्द 1967 साली नॉर्मन आणि मार्गारेट सिल्बरबर्ग यांनी रूढ केला. लहान वयात, न शिकवता, अक्षरांची जबरदस्त ओढ. वाचन वयाच्या कितीतरी पुढं आणि समज त्याच्या बरीच मागं. हा काही वेगळा आजार म्हणून निदानाच्या पुस्तकात नाही. पण बहुतेक वेळा त्याच्यासोबत दुसरं काहीतरी असतं. 2017 मध्ये संशोधकांनी तोवरच्या नोंदींचा आढावा घेतला, त्यात हायपरलेक्सियाची सुमारे 84 टक्के मुलं ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) कक्षेत होती. म्हणून बालवाडीच्या बाईंवर रागावू नका. त्यांनी तुमच्यावर उपकार केलेत.

वाचन म्हणजे काय, हे मला गफ आणि टन्मर या संशोधकांच्या 1986 च्या मांडणीवरून नीट कळलं. ते म्हणतात, वाचून समजणं हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे: अक्षरांवरून शब्द उचलणं आणि भाषा समजणं. बेरीज असती तर आपल्या पोरांचं भागलं असतं. गुणाकारात एक बाजू शंभर असली आणि दुसरी शून्याजवळ, तर उत्तर शून्याजवळच येतं.

त्यात आपली देवनागरी अशा मुलांना फार सोपी पडते. बाराखडी आणि जोडाक्षरं बसली की कुठलाही शब्द, अर्थ माहीत नसला तरी, तोंडातून निघतो. "न्यायवैद्यकशास्त्र" वाचलं म्हणून हुरळून जाऊ नका. मराठीतच त्याची एक परीक्षा दडलेली आहे. आपल्या च आणि ज चे दोन दोन उच्चार आहेत, लिहायला अक्षर एकच. "चार" मधला च वेगळा, "चारा" मधला वेगळा. गंगावेशीकडं जाताना "ओला चारा मिळेल" अशी पाटी होती, ती माझा पोरगा "ओला च्यारा" वाचायचा. आई दरवेळी सुधारायची. घरात म्हैस नाही, वैरण कधी पाहिली नाही, शब्द कानावरून गेलेला नाही. नुसत्या अक्षरावरून कुठला च ते कळणार कसं? तुम्ही पण ऐका. जिथं उच्चार चुकतो, तिथं बहुतेक तो शब्द त्याच्या ओळखीचा नसतो.

पुराचं सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये तो सातचा होता. आपल्याकडं पावसाळ्यात जो तो विचारतो, "किती फुटांवर आलं?" यानं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ केलेली. इशारा 39 फूट, धोका 43 फूट. पाणी 55 फुटांवर गेलं तेव्हा दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आकडा सांगायचा. मी विचारलं, "धोका म्हणजे काय रे?" म्हणाला, "त्रेचाळीस."

चुकलं नव्हतं त्याचं. त्याच्या लेखी धोका त्रेचाळीसच होता. मग आम्ही बादली घेतली, आतून मार्करनं 39 आणि 43 च्या रेघा मारल्या, 43 च्या रेघेवर काड्यापेटीचं घर चिकटवलं आणि तांब्या-तांब्यानं पाणी ओतलं. घर भिजलं. "घर ओलं झालं. माणसं बाहेर पडली. हा धोका." हे लिहून बादलीला चिकटवलं. चार दिवस तोच खेळ. पाचव्या दिवशी त्याची आई ओट्यावरचं दूध उतू जाताना धावली, तर हा म्हणाला, "धोका." त्या दिवशी आम्ही दोघांनी पेढे खाल्ले, कशाचे ते कुणाला सांगितलं नाही.

तर मुद्दा हा की अक्षर हा त्याचा भरवशाचा रस्ता आहे. बोललेला शब्द हवेत विरून जातो, लिहिलेला जागेवर थांबतो. कपाटात बंद केलंत तर तोच रस्ता बंद होईल. त्याच रस्त्यानं भाषा आत न्यायची.

आमची सुरुवात माठापासून झाली. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर चिठ्ठी लावली: "मला पाणी दे." हात ओढत आला की मी काही न बोलता चिठ्ठीवर बोट ठेवून थांबायचो. तो वाचायचा, नुसतं वाचायचा म्हणून. मी लगेच पाणी द्यायचो. काही आठवड्यांनी चिठ्ठी झाकली, तर न बघता म्हणाला. मग "मला ____ दे" असं लिहून रिकाम्या जागी लावायला वेगवेगळ्या चिठ्ठ्या केल्या: पोळी, गाडी, पेन.

यात एक गोष्ट फार सांभाळा. चिठ्ठी नेहमी त्याच्या तोंडची लिहा. ही मुलं ऐकलेलं वाक्य अख्खं उचलतात. तुम्ही "तुला पाणी पाहिजे का?" विचारता, तर त्याच्या दृष्टीनं पाणी मिळण्याचा मंत्र तोच होतो. आणि आपल्या मराठीत आणखी एक गंमत आहे. माझा मुलगा दिवसभर आईजवळ, त्यामुळं पाच वर्षांचा होईतो "मी जेवते", "मी येते" म्हणायचा. लोक हसायचे. "मी जेवतो" असं लिहून ताटाशी ठेवल्यावर ते सुटलं.

तुमचा "नाव काय" चा पेच याच वाटेनं सुटेल. कार्डावर प्रश्न निळ्यात लिहा, उत्तर लाल रंगात. निळं तुम्ही वाचायचं, लाल त्यानं. नंतर निळं हातानं झाका आणि तोंडानं विचारा. आधी "काय", "कोण", "कुठे" असले प्रश्न घ्या. "का" आणि "कसं" फार उशिरा येतात, त्यासाठी त्याला रडवू नका. "मला माहीत नाही" आणि "मदत कर" ही दोन कार्डं मात्र पहिल्या महिन्यातच करा. उत्तर येत नाही हे सांगता आलं की निम्मा आकांत कमी होतो.

दिवसाचा क्रमही लिहून ठेवत जा. गणपतीच्या मिरवणुकीला डॉल्बीनं याचा जीव जायचा. मग आम्ही आदल्या दिवशी लिहून द्यायला लागलो: "उद्या मिरवणूक. आवाज मोठा. कानाला हेडफोन. 8 वाजता घरी." तो कागद खिशात घेऊन उभा राहायचा. आणि 8 म्हणजे 8 हं, आठ वाजून दहा मिनिटं झाली तर तुम्ही खोटे ठरलात.

पाहुण्यांसमोर "काकांना पेपर वाचून दाखव" बंद करा. सासूबाईंना वाईट वाटेल, पण त्यांनाच दुसरं काम द्या. माझ्या आईला मी सांगितलं, रोज एका ओळीची चिठ्ठी लिहून त्याला काम सांग: "लाल वाटी आत्याला दे." वाचून तसाच उभा राहिला तर हात धरून करून दाखव. तिनं ते इतकं मनावर घेतलं की आत्या वैतागली. बोलण्यातल्या म्हणी-वाक्प्रचारांचंही भान ठेवा. मी एकदा "डोकं खाऊ नको" म्हणालो, तर म्हणाला, "मी डोकं खात नाही, मी भात खातो."

आता तपासणीचं. पहिली कानाची, वाचतो म्हणजे ऐकू येतं असं समजून सोडू नका. मग बालविकासतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ (बोलण्यावर काम करणारे), आणि हातात पेन धरायला नकार देत असेल तर ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे हाताच्या आणि रोजच्या कामांचा सराव. वाचनात पुढं आणि लिहिण्यात मागं हे या मुलांत पुष्कळदा दिसतं. सरकारी वाट हवी असेल तर सीपीआर या सरकारी दवाखान्यात जाऊन लहान मुलांच्या शीघ्र हस्तक्षेपाबद्दल, म्हणजे लहान वयातच सुरू करायच्या मदतीबद्दल, विचारा. ऑटिझमचं निदान झालंच तर घाबरून कागद लपवू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत तो आहे, प्रमाणपत्र पुढं परीक्षेच्या सवलतींना लागतं. आम्ही "लोक काय म्हणतील" म्हणून दोन वर्षं घालवली. लोक काही म्हणाले नाहीत, त्यांना आपापली कामं होती.

शोधायला बसलात की तुम्हाला डॅरोल्ड ट्रेफर्ट या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी सांगितलेले हायपरलेक्सियाचे तीन प्रकार सापडतील: पहिला, नुसतीच लवकर वाचणारी मुलं, दुसरा, ऑटिझमसोबतचा, तिसरा, ऑटिझमसारखी लक्षणं दिसून हळूहळू ओसरणारा. प्रत्येक आईबाप तिसऱ्याला मिठी मारतात, मीही मारली होती. पण तिसरा होता की नाही हे मागं वळून बघितल्यावर कळतं. मदत तिन्ही वेळा आत्ताच करायची असते, त्यामुळं नंबर ठरेपर्यंत थांबू नका.

कुणी सांगेल मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला. आम्हालाही सांगितलं होतं. आजी कोल्हापुरी सोडून काय बोलणार होती? दोन भाषांनी ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं बिघडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. मोबाईलमुळं हे झालं असंही स्वतःला लावून घेऊ नका. मात्र व्हिडिओ उत्तराची वाट बघत नाही, माणूस बघतो, म्हणून तो वेळ कमी करा.

शाळेत पहिली-दुसरीत बाई खूश असतील. तिसरीत उतारा वाचून उत्तरं आणि शाब्दिक उदाहरणं आली की गाडी अडते. आमचा पोरगा गणित खणखणीत वाचायचा आणि दिसतील त्या सगळ्या संख्यांची बेरीज करायचा. "वाचता येतंय की, मुद्दाम करतोय" हे ऐकावं लागेल. प्रवेश घेतानाच लेखी द्या, की तोंडी सूचना डोक्यावरून जातात, लिहून द्या.

या आठवड्यात कानाच्या तपासणीची वेळ घ्या आणि घरात पहिली चिठ्ठी कुठं लावलीत ते इथं कळवा. आमची माठावरची अजून आहे. माठ दोनदा फुटला, चिठ्ठी तो स्वतःच नवीन माठावर लावतो.