फॉरेन्सिकला जायचंय? आधी हे ठरव
अरे, गुन्ह्याचा तपास आणि पुरावे तपासणारी प्रयोगशाळा या दोन वेगळ्या वाटा. आरोपीमागे धावायचं असेल तर पदवीनंतर एमपीएससीतून पीएसआय हो. प्रयोगशाळेतच रमायचं तर केमिस्ट्री-बायोलॉजी पक्कं कर आणि मुंबईची न्यायसहायक विज्ञान संस्था किंवा गांधीनगरचं राष्ट्रीय फॉरेन्सिक विज्ञान विद्यापीठ (एनएफएसयू) बघ. मालिकेतल्यासारखा तासाभरात डीएनए जुळत नाही, बाबा! रक्ताने भिजलेला कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटातच घालायचा. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते, पुरावा हातचा जातो. पाकिटावरच्या सील, सही, तारीख यांत घोळ झाला की बचावाचा वकील उलटतपासणीत सोलून काढतो. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, म्हणजे माणसं लागणारच. आणि हो, पंचनाम्यातलं गिचमिड मराठी अक्षर वाचायची सवय आत्तापासून लाव.