जुन्या ब्रिटिश सिनेमांच्या लिमिटेड एडिशन डिस्क भारतात राहून जमवायच्यात, परवडेल का? सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की पुण्यात बसून हे जमेल का, आणि प्रत्येक नवीन बॉक्सची घोषणा झाली की 'आत्ता नाही घेतलं तर संपेल' असं टेन्शन येतं. आधी त्या टेन्शनबद्दलच बोलतो, कारण कंपन्यांचा निम्मा धंदा त्याच्यावरच चालतो.

बॉक्सवर लिमिटेड लिहिलेलं असतं ना, तेव्हा बहुतेक वेळा लिमिटेड असतो तो फक्त पुठ्ठा. म्हणजे लग्नपत्रिकेसारखा जाडजूड खोका, आतली पुस्तिका, घडी घातलेलं पोस्टर, चार-पाच कार्डं. डिस्क तीच असते आणि ती नंतर साध्या केसमध्ये, कमी किमतीत परत येते. बीएफआयवाले (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) तर सरळच सांगतात की पुस्तिका फक्त पहिल्या छपाईसोबत मिळेल, आणि इंडिकेटर नावाचं लेबल, म्हणजे डिस्क काढणारा ब्रँड आहे, 2016 पासूनचं, ते काही हजार प्रतींचा आकडा टाकून बॉक्स काढतात आणि तो संपला की बऱ्याचदा स्टँडर्ड एडिशन आणतात. आता पुस्तिकांचा मी स्वतः वेडा आहे, चांगल्या पुस्तिकेत त्या काळची परीक्षणं, जुन्या मुलाखती असं बरंच वाचायला मिळतं, त्यामुळे तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजायला माझी ना नाही. पण आपण नक्की कशाचे पैसे देतोय हे माहीत असावं.

'लॉरेन्स ऑफ अरेबिया'चं घ्या. 4K मध्ये, म्हणजे ब्लू-रेहून बारीक चित्राच्या डिस्कवर, तो पहिल्यांदा आला 2020 मध्ये, कोलंबिया स्टुडिओच्या सहा सिनेमांच्या महागड्या बॉक्समध्ये, सुटा मिळतच नव्हता, आणि एका सिनेमासाठी लोकांनी अख्खा बॉक्स उचलला. 2022 मध्ये साठ वर्षं झाली म्हणून तोच स्टीलबुकमध्ये, म्हणजे पत्र्याच्या केसमध्ये, सुटा आला. (मी बॉक्सच घेतला, पण त्यात अॅटनबरोंचा 'गांधी' पण आहे, आणि आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैयांना ज्या कपड्यांसाठी ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलं, त्यांचा पोत 4K मध्ये बघायचा होता. खादी अक्षरशः हाताला लागेल अशी दिसते.)

खरं जे संपतं ते हक्क. 'द थर्ड मॅन' क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने 2008 मध्ये ब्लू-रेवर आणला, त्यांच्या अगदी सुरुवातीच्या ब्लू-रेंपैकी, त्यावर लिमिटेड वगैरे काही लिहिलेलं नव्हतं. मग 2010 मध्ये सिनेमाची मालक कंपनी स्टुडिओकॅनाल, तिच्याकडून घेतलेले हक्क संपले आणि डिस्क बाजारातून गायब, सेकंडहँडला किमती आभाळाला. पण गंमत पुढे आहे, 2015 मध्ये त्याच सिनेमाचं नवं 4K रिस्टोरेशन झालं आणि जास्त चांगल्या प्रिंटवरून नवा ब्लू-रे आला. म्हणजे मधल्या काळात ज्यांनी तिप्पट-चौपट पैसे दिले त्यांच्याकडे जुनी प्रिंट राहिली. प्रसिद्ध सिनेमा कधी ना कधी परत येतोच हो, कारण त्याला गिऱ्हाईक आहे.

परत येत नाहीत ते छोटे सिनेमे. नेटवर्क नावाची ब्रिटिश कंपनी होती, तिने तीस ते साठच्या दशकातले शेकडो असे सिनेमे काढले होते जे दुसऱ्या कुणी काढलेच नसते, तासाभराचे गुन्हेपट, विसरलेल्या कॉमेड्या, सगळं. 2023 मध्ये ती कंपनी बंद पडली. त्यातलं बरंच काही आता जुन्या स्टॉकमध्ये सापडलं तरच. तर माझा हिशेब असा आहे की ज्या सिनेमाचं नाव तुमच्या आईवडलांनीही ऐकलंय त्यासाठी थांबायचं, आणि ज्याचं नाव कुणीच ऐकलेलं नाही पण तुम्हाला हवाय तो दिसला की लगेच घ्यायचा, मग खोका असो नसो.

दुसरं म्हणजे खोक्याचे फोटो बघण्याआधी आत कुठली प्रिंट आहे ते वाचा. 'द रेड शूज' घ्या, पॉवेल-प्रेसबर्गर या दिग्दर्शक जोडीचा, 1948 चा, टेक्निकलर या जुन्या रंगीत पद्धतीतला. त्या कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन वेगवेगळ्या काळ्यापांढऱ्या निगेटिव्ह फिरायच्या, एकेका रंगाची एकेक, आणि नंतर छापताना तिन्ही एकावर एक बसवायच्या. साठ वर्षांत त्या तिन्ही आपापल्या परीने आकसल्या, वर बुरशी धरली, त्यामुळे एकमेकींवर नीट बसेनात आणि माणसांच्या कडेला लाल-हिरवी किनार दिसायला लागली. यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठाच्या आर्काइव्हने आणि दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसींच्या फिल्म फाउंडेशनने मिळून ते सगळं फ्रेम-फ्रेमवर दुरुस्त केलं आणि 2009 मध्ये कान महोत्सवात दाखवलं. आता तो मधला मोठा बॅले चालू असताना नायिका मोइरा शिअररच्या चेहऱ्याकडे बघा, मेकअपची रेघ आणि कपाळावरचा घाम वेगवेगळे दिसतात. जुन्या डीव्हीडीवर तिथे नुसता गुलाबी गोळा होता. असलं काम ज्या डिस्कवर आहे ती साध्या प्लास्टिकच्या केसमध्ये मिळाली तरी घ्या.

त्याच जोडीचा 'ब्लॅक नार्सिसस' पण तसाच. हिमालयातली गोष्ट, 1947 चा म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या काही महिने आधी आलेला, आणि एक फूटसुद्धा भारतात शूट केलेला नाही. पाइनवुड स्टुडिओ, ससेक्समधली एक बाग, आणि डोंगरदऱ्या बऱ्याचशा पर्सी डेने रंगवलेल्या. चांगल्या ट्रान्सफरमध्ये (फिल्मवरून डिस्कवर उतरवलेल्या प्रतीत) घंटेजवळच्या शॉटला कडा कुठे संपतो आणि चित्र कुठे सुरू होतं ते शोधत बसायला मला फार आवडतं, बायको म्हणते सिनेमा बघ की.

कधीकधी डिस्क बदलली की सिनेमाच बदलतो. हॅमर या भयपटांसाठी प्रसिद्ध ब्रिटिश कंपनीचा 1958 चा 'ड्रॅक्युला' ब्रिटनमध्ये सेन्सॉरने कापला होता, आणि शेवटी ड्रॅक्युलाची राख होते त्यातले काही तुकडे कित्येक वर्षं कुणी पाहिलेच नव्हते. ते सापडले टोकियोच्या फिल्म आर्काइव्हमध्ये, आगीत होरपळलेल्या रिळांत. 2013 च्या ब्रिटिश ब्लू-रेमध्ये ते तुकडे आहेत, वर ती जपानी रिळं जशीच्या तशी एक्स्ट्रा म्हणून दिलीत. नंतर आलेल्या अमेरिकन डिस्कमध्ये ते नाहीत. त्यामुळे नुसतं नाव बघून स्वस्त पडतंय म्हणून अमेरिकन प्रत मागवू नका. (हॅमरचाच 'द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे' पण बघा एकदा, ठगांवरचा, जाहिरातीत त्याला स्ट्रँगलोस्कोप म्हणलं होतं! इंडिकेटरच्या हॅमर बॉक्समध्ये आहे. आपल्याला भीती कमी आणि हसू जास्त येतं.)

आता कामाचं. ब्लू-रेला रीजनचं, म्हणजे जगातल्या भागानुसार, कुलूप असतं, भारत रीजन सी, ब्रिटन बी, अमेरिका ए. इथे घेतलेल्या साध्या प्लेअरवर ब्रिटिश लॉक केलेली डिस्क लागणार नाही, तेव्हा पहिला खर्च मल्टी-रीजन प्लेअरचा, डिस्कचा नाही. 4K डिस्कला रीजनची भानगड नाही, पण तिच्यासोबत जो ब्लू-रे येतो तो लॉक असू शकतो आणि कित्येकदा एक्स्ट्रा सगळे त्याच्यावरच असतात, हे बारीक अक्षरात असतं, वाचा. जुन्या ब्रिटिश डीव्हीडी स्वस्तात मिळतात म्हणून मोहात पडाल तर, पाल सिस्टीममध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीत, सिनेमा सेकंदाला 24 ऐवजी 25 फ्रेमने पळतो, म्हणजे चार टक्के फास्ट, आणि आवाज दुरुस्त केलेला नसेल तर सूरही चढतो. 'ब्रीफ एन्काउंटर'भर रॅखमॅनिनॉफचा पियानो वाजत असतो, ज्याचे कान पेटीवर तयार झालेत त्याला तो अर्ध्या सुराहून जरा कमी इतका वर गेलेला लगेच खटकेल. ब्लू-रेवर हा त्रास सहसा नाही.

पैशांचं म्हणाल तर ब्रिटनबाहेर पाठवताना बरीच दुकानं तिथला 20 टक्के व्हॅट वजा करतात, तो पोस्टेजमध्ये जातो, आणि वर आपली कस्टम ड्युटी वगैरे. एकेक डिस्क मागवणं म्हणूनच परवडत नाही. सेलची वाट बघून पाच-सहा एकदम मागवा, किंवा लंडन-लेस्टरकडे कुणी नातेवाईक असेल तर त्यांच्या पत्त्यावर टाका आणि येताना आणायला सांगा. फक्त मोठे खोके सांगू नका, त्यांची बॅग आधीच भरलेली असते आणि तुमच्या खोक्याचा कोपरा हमखास दबतो. मग 'मिंट', म्हणजे कोऱ्या करकरीत, कंडिशनवाले कलेक्टर रडत बसतात. मी कोपऱ्यांसाठी रडणं सोडून दिलंय.

पावसाळ्यात डिस्कला काही होत नाही पण पुस्तिकांना होतं, पानं लहरतात, ठिपके पडतात. बंद कपाट, आत सिलिका जेल, आणि भिंतीला चिकटवून ठेवायचं नाही.

सुरुवात म्हणाल तर मी स्टुडिओकॅनालच्या व्हिंटेज क्लासिक्समधून करायला सांगेन, साध्या एडिशन. ईलिंग या जुन्या ब्रिटिश स्टुडिओच्या कॉमेड्या तिथे मिळतात, 'काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स' आणि 'द लेडीकिलर्स' हे दोन आधी घ्या, पैकी पहिल्यात अॅलेक गिनेस एकाच खानदानातले आठ जण झालाय आणि एकेक करत मरतो. हे दोन आवडले नाहीत तर पुढे पैसे घालू नका. आवडले तर मग बीएफआयची फ्लिपसाइड मालिका बघायला लागा, तिथे नाव न ऐकलेले सिनेमे आहेत आणि तिथूनच खिशाला भोक पडायला सुरुवात होते.